ऐंशी किलोमीटरवरचा ठसका

या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो. वाचून झालं की माझा निकाल ठरलेला — "याचं रात्रीचं जेवण जड झालं असणार." पिंपळावरची बाई, बंद खोलीतली पावलं, आपोआप हलणारा झोपाळा... सगळ्यांवर माझं एकच औषध, चिमूटभर ओवा. त्यामुळे आज मीच कागद-पेन घेऊन बसलोय म्हटल्यावर बायको समोर येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ओवा आणू?"

आणू दे. पण जे झालं ते दिवसाढवळ्या, सकाळी सव्वाअकरा वाजता, तीन धडधाकट माणसांच्या देखत झालं. तिघांच्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझं वय चौपन्न. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाकीचे स्टँड. तीस वर्षं लोखंड कापतोय आणि जोडतोय. लोखंडाचं एक बरं असतं, चुकलं तर चूक लगेच दिसते आणि ग्राइंडर मारून दुसरा टाका घालता येतो. माझ्यासोबत वीस वर्षांपासून सलीमभाई आहेत. वेल्डर. कागदोपत्री मालक मी आणि ते कामगार, पण ओरडा मीच खातो.

आमच्या आक्काचं घर धावड्याला. भोकरदन तालुक्यात, पार वरच्या अंगाला, जालन्यापासून ऐंशीएक किलोमीटर. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. मी टकला झालो तरी ती मला बाळू म्हणते. तिची मुलगी प्राजक्ता केमिकल इंजिनिअर. शिकली, डॉक्टरेट केली, आणि एक दिवस माझ्या वर्कशॉपात येऊन म्हणाली, "मामा, तुमच्या शेडचा मागचा भाग रिकामा आहे ना?"

रिकामा नव्हता, भंगार होतं. पण भाचीला नाही कसं म्हणायचं. भंगार निघालं आणि तिथं तिचं यंत्र उभं राहिलं. चेंबर आम्हीच बनवलं, स्टेनलेसचं, पुरुषभर उंचीचं. सलीमभाईंनी त्याचे टाके असे घातले की प्राजक्ता त्यावरून बोट फिरवून म्हणाली, "चाचा, हे तर शिवलंय तुम्ही."

ते यंत्र काय करतं, हे मला समजायला दोन महिने लागले आणि आक्काला दोन मिनिटं. प्राजक्ता सांगायची — टायटॅनियमचं एक द्रावण स्पिरिटमध्ये मिसळायचं, बारीक सुईतून सोडायचं, ऑक्सिजनच्या झोतानं त्याचा फवारा करायचा आणि तो फवारा पेटवायचा. सुईभोवती गॅसच्या बारीक निळ्या ज्योतींचं एक कडं सतत जळत असतं, त्यावर तो पेट घेतो. जळताना टायटॅनियमचे इतके सूक्ष्म कण तयार होतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाहीत. ते धुरासारखे वर जातात, पंखा त्यांना ओढतो आणि ते फिल्टरच्या कागदावर बसतात. पांढरी पूड. ही पूड सोलर सेलच्या काचेवर एक पातळ थर म्हणून लावली की उन्हानं तयार झालेली वीज पुढं वाहून न्यायला मदत होते.

मी म्हणायचो, "म्हणजे तू धूर विकणार."

आक्का पहिल्यांदा आली तेव्हा तिनं चेंबरच्या काचेतून आत बघितलं, फिल्टरवरची पूड बघितली आणि म्हणाली, "म्हंजी काजळ धरून राह्यली तू. दिव्यावर ताटली उपडी घालतो तसं. आपलं काळं निघतं, तुझं पांढरं."

प्राजक्ता तिच्याकडे बघतच राहिली. "आई, मी परीक्षकांना एवढं सोपं करून सांगितलं असतं तर अर्ध्या तासात सुटले असते."

आक्कानं ती गोष्ट धावड्यात किती घरी सांगितली असेल, देव जाणे.

आता दसऱ्याची गोष्ट. इथंच सगळं बिघडलं.

आमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आक्का मुद्दाम धावड्याहून आली. "पोरीच्या यंत्राचीबी पूजा करायची," म्हणाली. प्राजक्ताला सणवार लक्षात राहत नाहीत. तिची बॅच चालू होती. त्या आठवड्यात तिला पूड एका संशोधन गटाकडे पाठवायची होती. ते लोक सोलर सेल बनवतात, आणि त्यांनी बऱ्याच विनवण्यांनंतर तिच्या पुडीची चाचणी घ्यायचं कबूल केलं होतं. ती पलीकडे वजनकाट्याशी होती.

आक्कानं फूल वाहिलं, कुंकू लावलं आणि मग पदराखालून ताटली काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. यंत्राची दृष्ट काढायची होती. कुणाची लागली असेल म्हणून विचारलं तर म्हणाली, "साऱ्या गावाला सांगून राह्यले मी, माझी पोर उन्हाचं काजळ करती म्हणून. माझीच लागली आसंल."

तिनं ओवाळलं आणि मला हळूच विचारलं, "बाळू, हे टाकू कुठं रे? याला जाळ पायजे."

आणि मी... इथं मी थोडा वेळ लिहायचं थांबलो होतो. बायको म्हणाली, लिहा आता, एवढं लिहिलंय तर.

मी म्हणालो, "एवढा मोठा जाळ पेटलाय समोर. टाक त्यात."

मी चेष्टेत म्हणालो होतो. चौपन्न वर्षं मी चेष्टाच करत आलोय आणि चौपन्न वर्षं आक्का माझं प्रत्येक बोलणं खरं धरत आलीय, हे मला माहीत असायला हवं होतं. चेंबरला खालून हवा जायला एक झडप आहे. आक्कानं ती उघडली आणि ताटली आत रिकामी केली.

निळसर पांढरी ज्योत एका क्षणात पिवळी झाली. रस्त्यावर पूर्वी सोडियमचे दिवे असायचे, तसा गडद पिवळा. मोहरी तडतडली. आणि मिरच्यांचा असा ठसका उठला की सलीमभाई हातातली पक्कड टाकून बाहेर पळाले, मी त्यांच्यामागे, आणि शेजारच्या शेडमधला माणूस नाकाला रुमाल लावून विचारायला आला की लग्न कुणाचं आहे.

प्राजक्तानं सगळं बंद केलं. बॅच गेली. बॅचचं सोडा, मिठातला सोडियम चेंबरच्या भिंतीला बसतो आणि पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये उतरतो. सगळं खोलून धुवायला तीन आठवडे लागले. पूड पाठवायची मुदत हुकली.

तिनं आईला जे ऐकवलं ते मी सगळं लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहितो. "जे कळत नाही त्यात हात घालू नकोस, आई. आणि इथं परत पाय ठेवू नकोस."

आक्का एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. रिकामी ताटली पदराखाली घेतली आणि स्टँडवर गेली. मी सोडायला गेलो तर म्हणाली, "जा तू. पोरीला मदत कर."

आणि मी, 'टाक असं मीच म्हणालो होतो' हे चार-पाच शब्द, तेव्हा बोललो नाही. संध्याकाळी बोलू म्हटलं. मग दिवाळीत बोलू म्हटलं.

मायलेकी सात महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. दिवाळीला प्राजक्ता धावड्याला गेली नाही, कामाचं कारण सांगितलं. प्राजक्ता आमच्याच घरी राहायची-जेवायची, म्हणून आक्का मला फोन करायची. "जेवती का येळेवर?" मग प्राजक्ता मला विचारायची, "दाजींचा दमा कसाय?" बापाला ती पण दाजीच म्हणते, आमच्यामुळे लागलेली सवय. मी मधली वायर. इकडचा करंट तिकडे. ज्या वायरमुळे शॉर्टसर्किट झालं तीच वायर.

आता तो दिवस. वैशाखातला शनिवार. त्या संशोधन गटानं प्राजक्ताला आणखी एक संधी दिली होती, पण अट घातली होती — एकामागून एक तीन बॅचेस हुबेहूब सारख्या आल्या पाहिजेत. एखादी चांगली निघणं म्हणजे नशीब, तीन सारख्या निघाल्या तर पद्धत. दोन झाल्या होत्या, दोन्ही बरोबर. तिसरी त्या शनिवारी होती. ही नाही जमली तर शेड रिकामी करायची आणि पुण्याची नोकरी घ्यायची, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. नोकरीचं पत्र तिच्या बॅगेत होतं, मी बघितलं होतं.

शेडमध्ये आम्ही तिघं. प्राजक्ता, सलीमभाई, मी. तोंडावर ते दोन डबे लावलेले मास्क. ती सूक्ष्म पूड छातीत जाऊ नये म्हणून प्राजक्ता त्याशिवाय आत उभं राहू देत नाही. साधी धूळही त्यातून आत येत नाही, वासाचं तर नावच नको. यंत्र सुरू करायच्या आधी गॅसच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघायची असते. ते काम माझं. मी लावलं. सांध्यांना लावलं. मधल्या पाइपला कोण लावतं?

तो मधला पाइप माझा होता. मूळ पाइप खराब झाला, नवीन यायला वेळ होता, म्हणून मी माझ्या कटिंगच्या सेटचा जुना पाइप चार दिवसांसाठी जोडून दिला होता. चार दिवसांचे दोन महिने झाले होते. हा पाइप टेबलाखालून, चेंबरच्या तापलेल्या अंगाजवळून जात होता. आत्ता लिहिताना हे किती मूर्खपणाचं वाटतं... तेव्हा 'अॅडजस्टमेंट' वाटत होती.

अकरा वाजता ज्योत पेटली. निळसर बूड, पांढरा शेंडा, एकसारखा घरघर आवाज. प्राजक्ता काचेसमोर, मी पंख्याच्या स्विचपाशी, सलीमभाई दाराकडे. दहा-पंधरा मिनिटं सगळं बरोबर चाललं होतं.

आणि ज्योत पिवळी झाली.

हळूहळू नाही. कुणी मूठभर काही टाकावं तशी. तोच पिवळा, दसऱ्याचा. प्राजक्तानं लगेच द्रावणाचा पंप बंद केला. द्रावणात काही मिसळलं असेल तर पंप बंद केल्यावर पिवळेपणा जायला हवा, कारण मग फक्त गॅसच्या त्या बारीक निळ्या ज्योती उरतात. त्या उरल्या. पण त्याही पिवळ्या. कडंच्या कडं, दिवाळीच्या पणत्यांसारखं.

"हे शक्य नाही," ती म्हणाली. मास्कमधून तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. "थांबा, पंपाच्या नळ्या बघते." पंप टेबलाखाली असतो. तिथं बसायला एक निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. तिनं ते पायानं ओढलं आणि वाकली.

तेवढ्यात सलीमभाईंना ठसका लागला.

मग मला. मग तिला. साधा खोकला नव्हे — डोळ्यांतून धारा, घशात काटे, नाक पेटलेलं. ज्यानं घरात दृष्ट काढताना मिरच्या जळलेल्या अनुभवल्यात त्याला दुसरं काही सांगायची गरज नाही. प्राजक्ता वाकलेली होती ती तशीच सरळ झाली, मी तिचा हात धरला आणि तिघंही ठेचकाळत बाहेर आलो. दारात सलीमभाईंनी मास्क काढून फेकला आणि खोकत खोकत म्हणाले, "भाऊ, मिर्ची जली है ये. आक्का आई क्या?"

मी खरंच वळून गेटकडे बघितलं. कुणी नव्हतं. बाहेरच्या हवेत काही वास नव्हता. रणरणतं ऊन आणि शेजारच्या शेडमधला लेथचा आवाज.

प्राजक्ता डोळे पुसत म्हणाली, "गॅस चालू राहिलाय, बंद करायला—" आणि आत भक्क असा आवाज झाला.

मोठा स्फोट नव्हे. कुणी ओली गोधडी जोरात झटकावी तसा. दारातून दिसलं की टेबलाखाली जमिनीवर निळा जाळ पाण्यासारखा पसरला आणि वर उठला. सिलिंडर बाहेर जाळीत ठेवलेला असतो, प्राजक्ताचा नियम. सलीमभाईंनी धावत जाऊन तो बंद केला. मी वाळूच्या बादल्या, प्राजक्ता आग विझवायचा लाल सिलिंडर. दोन-तीन मिनिटांत विझलं. पंप गेला, वायरी गेल्या, टेबल काळं पडलं. चेंबर आणि फिल्टर शाबूत.

निळ्या स्टुलाची भाकरी झाली होती. वितळून जमिनीला चिकटली होती.

आम्ही तिघं त्या भाकरीकडे बघत उभे होतो. माझा पाइप मध्ये फाटला होता, बोटभर. गॅस जड असतो, तो खाली साचत गेला होता, टेबलाखाली, जिथं वाकून ती बसणार होती.

आणि माझा फोन वाजला. आक्का. अकरा अठ्ठावीस — फोनमध्ये अजून आहे, पुसू दिलेलं नाही.

"बाळू, पोर कुठंय?"

हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"इथंय. का गं?"

"तिला काई झालं न्हाई ना? खरं सांग."

"नाही. काही नाही झालं. तू का विचारतेस?"

मग म्हणाली, "आरं, आज ठसका आला न्हाई."

मी फोन स्पीकरवर टाकला. का टाकला, मला माहीत नाही.

आक्का सांगत होती, त्याचा सारांश असा. दसऱ्यापासून दर शनिवारी ती प्राजक्ताची दृष्ट काढत होती. पोर समोर नाही, म्हणून तिची शाळेतली ओढणी पाटावर ठेवायची, तिच्यावरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळायच्या आणि अंगणातल्या चुलीत टाकायच्या. दर शनिवारी ठसका यायचा. आपल्याकडे समजूत आहे ना, मिरच्यांचा ठसका आला म्हणजे दृष्ट नाही, सगळं ठीक. नाही आला तर जबर लागलीय. तर ठसका यायचा आणि आक्का निश्चिंत व्हायची. दृष्ट काढायची ती दिवेलागणीला. दाजींना दमा, म्हणून ते त्या वेळेला बरोबर उठून मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे.

"पण आज सकाळीच उठले मी," आक्का म्हणाली. "भांडे घासून राह्यले व्हते. काय वाटलं कुणास ठाऊक. तशीच उठले. पाणी तापवलेली चूल व्हती, निखारे व्हते. भोकरदनची गाडी नुकतीच गेल्ती."

ती गाडी तिथून सव्वाअकराला जाते.

"सात मिरच्या टाकल्या, बाळू. मीठ टाकलं, मोहरी टाकली. मोहरी तडतडलीबी न्हाई. सारं जळून राख झालं, डोळ्याला पाणी न्हाई, घशाला काई न्हाई. तुझे दाजी तिथंच बाजंवर पडेल व्हते. त्यास्नी तर यायलाच पायजे ना ठसका? ते माझ्याकडं बघून राह्यले, मी त्यांच्याकडं. मंग मला भ्या वाटलं."

मागून दाजींचा आवाज आला, "सांग त्याला, मी श्वास वढून बघितला. बिलकुल काई न्हाई."

प्राजक्तानं माझ्या हातातून फोन घेतला. सात महिन्यांनंतर ती पहिलं वाक्य काय बोलली, तर, "आई, तू कुठल्या मिरच्या घेतल्या होत्या?"

मग आक्का म्हणाली, "घरच्याच. का गं?"

"काही नाही," म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सलीमभाई पाण्याची बाटली घेऊन तिच्याशेजारी गेले आणि नुसते उभे राहिले.

दुपारी तीनला आक्का आली. भोकरदनहून काळीपिवळी जीपनं. सोबत दाजी नव्हते, त्यांना उन्हाचं आणलं नव्हतं. ती गेटपाशी येऊन थांबली. मी म्हणालो, आत ये. ती हलली नाही. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "न्हाई. हितंच बरी हाय. पोरीला बघितली की जाते."

मला आठवलं, इथं परत पाय ठेवू नकोस असं तिला सांगितलेलं आहे. ऐंशी किलोमीटर उन्हात आली, पण गेटच्या आत पाऊल टाकलं नाही.

प्राजक्ता बाहेर आली. दोघी समोरासमोर. मध्ये मी स्वतः बनवलेलं गेट, आणि त्याला कडी सुद्धा नव्हती.

मग मी बोललो. एवढ्या सोप्या गोष्टीला सात महिने आणि एक आग लागली. "प्राजू, दसऱ्याला तिनं मला विचारलं होतं, कुठं टाकू म्हणून. मी म्हणालो, टाक त्या जाळात. चेष्टा केली. आणि तो पाइपही माझाच."

प्राजक्ता माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे. "तू का नाही बोललीस?"

"काय बोलायचं," आक्का म्हणाली. "त्याच्या शेडीत तुझं यंत्र. तू त्याच्याशीबी बोलणं सोडलं आसतं मंग जेवली कुठं आसती?"

मी गेट उघडलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

आता शास्त्राचं. प्राजक्ता अशी सोडणारी नाही. तिनं त्या दिवसाची फिल्टरवरची पूड तपासायला पाठवली. शेवटच्या थरात सोडियम निघाला. मग तिनं बाटलीत उरलेलं द्रावण तपासलं, त्यात नाही. गॅसमध्ये असायचा प्रश्न नाही. दसऱ्याचा उरलेला म्हणावा तर आधीच्या दोन बॅचेस स्वच्छ होत्या. "तरी सोडियम कुठूनही येऊ शकतो, मामा," ती म्हणते. "हाताच्या घामातून पण."

"आणि ठसका?"

"रबर तापलं असेल."

मी तीस वर्षं रबर जाळतोय, सलीमभाई त्याहून जास्त. रबर कसं घशाला लागतं आम्हाला माहीत आहे. आणि ते मास्कमधून? तिला विचारलं. ती म्हणाली, "मास्क नीट बसले नसतील." तिघांचे? तिनं फिल्टरचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "मिरचीची चाचणी नाही होत फिल्टरवर."

मी माझ्या परीनं सगळी उत्तरं लावून बघितली. जवळपास मसाल्याचं कांडप आहे का? नाही. कुणी शेजारी स्वयंपाक करत होतं का? नाही. आक्काला कुणी फोन करून सांगितलं होतं का, की आज बॅच आहे? मीच शुक्रवारी सांगितलं होतं, हे कबूल. पण बॅच आहे एवढंच. आईला लेकीची काळजी वाटणं यात अमानवीय काही नाही. पण काळजीनं धावड्याच्या चुलीतला ठसका बंद होत नाही, आणि जालन्यात निघत नाही. बायको म्हणते, एवढं मीठ-मिरची तिकडून इकडे आलं तर मोहरी कुठं गेली? ते मला विचारू नका. आमच्या शेडमध्ये काहीतरी तडतडल्याचं सलीमभाई सांगतात. मी ऐकलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

दोन महिन्यांनी यंत्र पुन्हा उभं राहिलं. नवीन पाइप, धातूच्या जाळीचा, आणि तो टेबलावरून जातो. तिन्ही बॅचेस पुन्हा पहिल्यापासून केल्या, सारख्या आल्या, त्या गटानं पूड घेतली. पुण्याचं पत्र कुठं गेलं मी विचारलं नाही.

यंत्राशेजारी भिंतीवर प्राजक्ताच्या हातची एक यादी लावलेली आहे, सुरू करण्याआधी काय काय तपासायचं त्याची. पूर्वी अकरा ओळी होत्या. सांध्यांची गळती, पूर्ण पाइपची गळती — 'पूर्ण' खाली दोन रेघा, माझ्यासाठी — पंखा, फिल्टर, मास्क... आता बारा आहेत. बारावी तिनंच लिहिलीय. 'आईला फोन.'

ती म्हणते हे शास्त्र नाही, सवय आहे, आणि कुणी बाहेरचं आलं तर ती त्या ओळीवर कॅलेंडर लावते. बॅचच्या दिवशी आम्ही तिघं मास्क गळ्यात अडकवून स्पीकरभोवती उभे राहतो. तिकडे आक्का चुलीत मिरच्या टाकते. दाजी कुरकुर करतात, "माझा जीव गेल्यावर सोलर चालू होईल तुमचं." पण बाजेवरून उठत नाहीत, त्यांना तिथंच बसवलेलं असतं. आम्ही थांबतो. सलीमभाई डोळे मिटून घेतात. प्राजक्ता घड्याळाकडे बघते.

मग दाजी खोकतात. आणि मी सिलिंडर उघडतो.